काय लावता, किती लावता, कधी लावता: त्वचेविषयी वाचकांचे प्रश्न

त्वचेविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एक गोष्ट सारखी दिसली. नियासिनमाइड, रेटिनॉल, हायलुरॉनिक ही नावे वाचकांना तोंडपाठ झाली आहेत. पण किती टक्के, किती थेंब, ओल्या चेहऱ्यावर की कोरड्या, हे क्वचितच कुणी विचारते. गुण येणार की अपाय होणार, हे मात्र त्यावरच ठरते. म्हणून उत्तरांत आकडे मुद्दाम दिले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पाठवणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : व्हिटॅमिन सी, नियासिनमाइड, हायलुरॉनिक ॲसिड आणि रेटिनॉल अशी चार सीरम एकदम मागवली. सकाळी दोन, रात्री दोन लावते. दहा दिवसांत गालांची आग व्हायला लागली, नाकाशेजारी सालं निघतात. नेमकी कुठली बाटली बाधली?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

चारही बाटल्या एकाच दिवशी सुरू झाल्यामुळे ते आता खात्रीने सांगता येणार नाही. पहिला संशय रेटिनॉलवर जातो, दुसरा व्हिटॅमिन सीवर. आजपासून चारही बंद ठेवा. दोन ते तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेले बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढेच वापरा. साधे मॉइश्चरायझर लावतानाही चुरचुरते आहे, तोवर पुढे जाऊ नका.

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींची पंधरा-वीस पदरांची चवड. पेशी विटांसारख्या, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले. हा चुना झिजला की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे रसायन आत शिरते. तुमच्या गालांवर सध्या तेच झाले आहे. अशा वेळी चांगले सीरमही जाळते.

आता एकेक बाटली पाहू. नियासिनमाइड हे बी-३ जीवनसत्त्व. त्याने त्वचा जास्त सेरामाइड तयार करते, तेलकटपणा थोडा कमी होतो, आणि तयार झालेले रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत कमी पोचते. मुरमांमागे राहिलेले काळे डाग त्यामुळेच फिके होतात, पण त्याला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. २ ते ५ टक्के पुरते. दुकानात मात्र १० टक्क्यांच्या बाटल्या जास्त दिसतात, आणि नाजूक चेहऱ्यावर त्या लाली आणतात. तुमची बाटली १० टक्क्यांची असेल तर दोन थेंब मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावा.

व्हिटॅमिन सीचे यादीतले नाव ॲस्कॉर्बिक ॲसिड. उन्हामुळे त्वचेत तयार होणारे, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल ते निकामी करते, म्हणून ते सकाळी, सनस्क्रीनच्या आधी लावायचे. ते त्वचेत शिरावे म्हणून द्रावणाचा सामू (पीएच) साडेतीनच्या खाली ठेवतात. चुरचुर होते ती या आम्लतेमुळे. १० ते २० टक्के ही कामाची मर्यादा. २० च्या पुढे शोषण वाढत नाही, आग तेवढी वाढते. हे द्रव्य हवा, उजेड आणि उष्णता तिन्हींनी बिघडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो आणि स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते, त्यामुळे बाटलीवर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका. रंग पाहा. पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा असेल तर ठीक. चहासारखा तपकिरी झाला की टाकून द्या. लहान बाटली घ्या आणि खोक्यासकट फ्रिजच्या दारात ठेवा.

हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवते, बनवत नाही. कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हवेत लावले तर धरायला पाणीच मिळत नाही आणि चेहरा उलट ताणल्यासारखा होतो. चेहरा धुतल्यावर पुसून कोरडा करू नका. ओलसर असतानाच दोन-तीन थेंब पसरा आणि मिनिटाच्या आत वरून मॉइश्चरायझर लावा. खरे तर याच कामासाठी ५ ते १० टक्के ग्लिसरीन असलेले साधे मॉइश्चरायझर पुरते, आणि ते कितीतरी स्वस्त पडते.

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे रूप. त्वचेत दोन पायऱ्या चढून त्याचे रेटिनॉइक ॲसिड होते, मग ते काम करते: पेशी लवकर बदलतात, रंध्रे तुंबत नाहीत, काही महिन्यांनंतर बारीक सुरकुत्या कमी होतात. तुमच्या वयात सुरकुत्यांसाठी त्याची गरज नाही. मुरूम असतील तर डॉक्टर त्याच घराण्यातले ॲडापलीन ०.१ टक्के देतील, ते जास्त उपयोगाचे. तरीही रेटिनॉल वापरायचे असेल तर ०.१ ते ०.३ टक्क्यांचे, फक्त रात्री, आठवड्यातून दोनदा. चेहरा धुऊन वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरते आणि जास्त जाळते. पूर्ण चेहऱ्याला एका वाटाण्याएवढे. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडा. सालं तिथेच आधी निघतात. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर. त्याच रात्री ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड नको. पहिल्या चार-सहा आठवड्यांत मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटू शकतात. आग आणि सूज मात्र त्यात मोडत नाही, ती आली तर थांबा.

चेहरा पूर्ण शांत झाल्यावर नियासिनमाइड सुरू करा. तीन आठवडे त्रास झाला नाही, तरच दुसरी बाटली उघडा. प्रत्येक नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, रोज दोनदा सात दिवस लावून पाहा. एका दिवसाची चाचणी पुरत नाही. ॲलर्जी वर यायला कित्येकदा दोन-चार दिवस लागतात.

प्रश्न : व्हिटॅमिन सी आणि नियासिनमाइड एकत्र लावू नये म्हणतात. खरं का?
(पार्क चौक)

नाही. दोन्हींची प्रक्रिया होऊन चेहरा लाल करणारे निकोटिनिक ॲसिड तयार होते, ही भीती आहे. पण त्यासाठी बराच वेळ चांगली उष्णता लागते. चेहऱ्यावर तसे होत नाही. दोन्ही सोसत असतील तर एकामागे एक लावा, नाहीतर एक सकाळी आणि एक रात्री.

प्रश्न : वीस वर्षं विड्या वळते. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं फुटतात, भेगांतून रक्त येतं. मेडिकलमधून ग्लिसरीन आणून तसंच लावलं तर आग आग झाली. हातमोजे घालून विडी वळता येत नाही. काय करावं?
(विडी कामगार, कुंभारी)

ताई, ग्लिसरीनमध्ये दोष नाही, ते निर्जळ लावले गेले. शुद्ध ग्लिसरीनला मिळेल तिथून पाणी हवे असते. हवा कोरडी असली की ते त्वचेतलेच ओढते, आणि उघड्या भेगेत झोंबते. एक भाग ग्लिसरीन आणि तीन भाग उकळून गार केलेले पाणी असे मिसळा. हे मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतेच करा, कारण पाणी घातल्यावर ते टिकत नाही.

बोटे फुटण्याची तुमच्या कामात तीन कारणे एकत्र येतात. भिजवलेली पाने सतत हाताळल्याने बोटांचे वरचे थर फुगतात आणि वाळतात, फुगतात आणि वाळतात. तंबाखूची भुकटी त्वचेला चिडवते. आणि संध्याकाळी ती घालवण्यासाठी कपड्याच्या साबणाने हात घासले जातात, त्याने उरलेले तेलही जाते. यातले तिसरे कारण पूर्ण तुमच्या हातात आहे. काम संपल्यावर साध्या पाण्याने आणि सौम्य अंघोळीच्या साबणाने हात धुवा. टिपून घ्या, रगडू नका. हात ओलसर असतानाच ग्लिसरीनचे मिश्रण लावा आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली स्वतः काही देत नाही. ती झाकण घालते, आणि पाणी अडवण्यात तिच्याइतके चांगले आणि स्वस्त दुसरे फारसे काही नाही. रात्री झोपताना जेली जाडसर लावून सुती मोजे हातात घाला. कामाआधी लावू नका. पान निसटते आणि तंबाखू बोटाला चिकटून राहते. खोल भेगेवर कामाच्या वेळी कागदी चिकटपट्टी गुंडाळा.

भेगा भरल्यावर, त्याआधी नाही, १० टक्के युरिया असलेले मलम रोज रात्री लावा. युरिया पाणी धरतो आणि कडक झालेली कातडी मऊ करतो. टाचांच्या जाड भेगांसाठी २० टक्के किंवा जास्त लागतो, तो हातांना वापरू नका. मधुमेह असेल तर टाचेची भेग घरी कापू-घासू नका.

हातावर पाण्याचे बारीक फोड, रात्री झोप मोडेल अशी खाज, किंवा पुरळ मनगटाच्या वर चढत असेल तर तो नुसता कोरडेपणा नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवा.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगा मुरमांसाठी एक जेल लावतो, तेव्हापासून घरातल्या गडद टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर पांढरट-केशरी डाग पडतायत. पाण्यात क्लोरीन जास्त आहे की आमच्याच रंगात खोट आहे?
(अक्कलकोट रोड)

दोन्ही नाही. जेलच्या ट्यूबवर बेंझॉइल पेरॉक्साइड लिहिलेले असेल. ते त्वचेवर ऑक्सिजन सोडते आणि मुरमांतले जंतू मारते. कापडावर तोच ऑक्सिजन रंग मारतो. डाग मळाचा नाही, तिथला रंगच गेलेला असतो, म्हणून कितीही धुतले तरी निघणार नाही. तुमच्या धंद्यातले आहे म्हणून सांगतो, व्हॅट रंगाचे कापड याला रिॲक्टिव्ह रंगाच्या कापडापेक्षा बरेच टिकते. सोपा उपाय म्हणजे मुलाला पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा द्या. जेल लावल्यावर हात धुवायला सांगा आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय शर्ट घालू देऊ नका. घाम आला की वाळलेले जेलही पुन्हा उतरते, हे उन्हाळ्यात लक्षात ठेवा.

औषध म्हणून हे चांगले आहे. याला जंतू सरावत नाहीत, जे नुसत्या अँटिबायोटिक जेलचे होते. २.५ टक्क्यांचे जेल ५ आणि १० टक्क्यांच्या जवळपास तेवढेच काम करते आणि कोरडेपणा कमी आणते. जास्त टक्क्यांची ट्यूब घेऊन आलात तर ती बदलून आणा. छाती-पाठीवर लावायचे असेल तर अंघोळीआधी पाच मिनिटे लावून धुऊन टाकता येते, टॉवेलही वाचतात. उष्णतेने हे रसायन तुटते आणि त्यातून बेंझीन तयार होऊ शकते, म्हणून ट्यूब खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका.

काळी-पांढरी टोके असलेल्या, सूज नसलेल्या मुरमांवर सॅलिसिलिक ॲसिड जास्त उपयोगी. ते तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रात उतरते. ०.५ ते २ टक्के, दिवसातून एकदा. आणि मुलाच्या कपाळावरच मुरूम असतील तर केसांना तेल कोणते आणि किती लावतो तेही पाहा. खोबरेल कपाळावर ओघळून रंध्रे बुजवते.

प्रश्न : कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे, दिवसाचे सहा-सात तास चुलीपुढे असते. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलाय. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली, महिन्यात चेहरा उजळला. आता वर्ष झालं, ट्यूब थांबवली की चेहरा लाल होतो, आग होते, हनुवटीवर लव वाढलीय आणि वांग आधीपेक्षा गडद आहे.
(बाळे)

आधी ट्यूबबद्दल, कारण तेच तातडीचे आहे. खोक्यावर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के अशी तीन नावे असण्याची दाट शक्यता आहे. पहिले रंगद्रव्य तयार होणे रोखते, दुसरे पेशी लवकर बदलते, तिसरे स्टेरॉइड आहे. महिन्यात दिसलेल्या उजळपणात स्टेरॉइडचा वाटा मोठा असतो. डॉक्टर हे मिश्रण वांगासाठी देतात, पण मोजून, साधारण सहा-आठ आठवडे, आणि तपासत. वर्षभर लावल्यावर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात, लव वाढते, आणि औषध थांबवताच लाली उसळते. ती लाली शमवायला बाई पुन्हा तीच ट्यूब लावते आणि अडकते. हायड्रोक्विनोनही फार काळ लावल्यास निळसर-काळे डाग पडतात, आणि ते घालवणे वांगापेक्षा अवघड असते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करता येणार नाही असे ठरवले. तरी ती सर्रास दिली जातात. ट्यूबवर ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ने संपणारे नाव दिसले की चेहऱ्याला लावण्याआधी विचारा. तुम्ही ती ट्यूब आजच फेकून देऊ नका. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सौम्य औषधावर उतरवत नेणे किंवा एकदम थांबवून लालीवर वेगळे उपचार करणे, यातले काय योग्य हे ते त्वचा पाहून ठरवतील.

आता वांग. गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरातला वारसा आणि ऊन ही नेहमीची कारणे. उष्णताही वांग वाढवते, आणि अतिनील किरणांच्या जोडीला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत वांग गडद करतो. साधे सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत, म्हणजे टिंटेड, सनस्क्रीन अडवते. यादीत हे नाव पाहून घ्या. चुलीसाठी करायचे ते वेगळे आहे. झळ सरळ चेहऱ्यावर येणार नाही अशी बैठक थोडी तिरपी आणि मागे घ्या. धुराडे किंवा एक्झॉस्ट पंखा चुलीच्या वर बसवा. दर तासाला पाच मिनिटे उठून चेहऱ्यावर गार पाण्याचा हबका मारा. झळ चालू राहिली तर कोणतीही ट्यूब हरते.

लाली पूर्ण गेल्यावर डॉक्टर बहुधा ॲझेलेइक ॲसिडकडे वळतील. १० ते २० टक्के, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ते जास्त काम करणाऱ्या रंगपेशींना आवरते आणि आजूबाजूची त्वचा पांढरी करत नाही. पहिले दोन आठवडे खाजल्यासारखे होते, ते बहुधा ओसरते. परिणाम दिसायला तीन महिने लागतात, आणि वांग पुन्हा येऊ शकतो. त्यामुळे सनस्क्रीन हा कायमचा भाग धरा.

प्रश्न : नातेवाइकांनी परदेशातून गोरेपणाची एक डबी आणली. पंधरा दिवसांत फरक पडला. डबीवर घटकांची यादीच नाही. चालेल का?
(सात रस्ता)

वापर आजच थांबवा. इतक्या झपाट्याने रंग उतरवणाऱ्या आणि यादी लपवणाऱ्या डबीत दोनच गोष्टींचा संशय येतो, तीव्र स्टेरॉइड किंवा पारा. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार आढळला होता. पाऱ्याची वाफ होते आणि तो हाताला, उशीला लागून राहतो, त्यामुळे कुशीतल्या बाळालाही धोका असतो. भारतात डोळ्यांची प्रसाधने सोडून इतर प्रसाधनांत नकळत येणारा पाराही दहा लाख भागांत एक भाग इतकाच चालतो.

कधी यादी असते आणि तिच्यात पारा वेगळ्या नावाने बसलेला असतो: कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर तीही मोठी खूण आहे. कायदेशीर आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतोच. लघवीला फेस येत असेल, पायांवर किंवा पापण्यांवर सूज असेल तर डॉक्टरांना डबी दाखवा आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्या. डबी कचऱ्यात उघडी टाकू नका; झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्या.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. अंघोळीनंतर अंग खडबडीत होतं, खाज येते. ‘ग्रेड १’ साबण आणला तरी तेच.
(होटगी रोड)

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी ते मिळाले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो हाच, आणि तोच अंगावरही राहतो. शिवाय साबणाचा सामू ९-१० असतो आणि निरोगी त्वचेचा साडेचार ते साडेपाच. ग्रेड १ म्हणजे साबणात एकूण स्निग्ध पदार्थ ७६ टक्के किंवा जास्त. ती साबणाची शुद्धता आहे, सौम्यपणाची हमी नाही. जड पाण्यात ७६ टक्क्यांचा साबणही साका धरतोच.

तुम्हाला सिंडेट वडी, म्हणजे साबण नसलेली अंघोळीची वडी, किंवा सोप-फ्री बॉडीवॉश हवा. यादीत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असे नाव सुरुवातीलाच दिसेल. ते जड पाण्यातही साका करत नाही. साबण रोज फक्त काखा, जांघा आणि पायांना लावा. शेवटचा तांब्या उजनी धरणाच्या नळाने येणाऱ्या, साठवलेल्या पाण्याचा घेता आला तर घ्या. पाणी कोमट, कढत नको. अंग टिपून तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर.

प्रश्न : लिंबू, खायचा सोडा, दही, हळद, मुलतानी माती यांपैकी काय ठेवावं, काय टाकावं?
(अनेक पत्रे)

लिंबू चेहऱ्यावर कधीच नाही. त्याचा सामू दोनच्या आसपास असतो, आणि रसात असलेली फ्युरोकुमरिन नावाची द्रव्ये ऊन लागताच त्वचा भाजतात. फोड येतात, मागे महिनोन्महिने राहणारे काळे ओघळ उरतात. लिंबात व्हिटॅमिन सी आहे हे खरे, पण सीरमच्या १० टक्क्यांपुढे ते नगण्य आहे. खायचा सोडा दुसऱ्या टोकाला, अल्कधर्मी, तोही नको.

दह्यात लॅक्टिक ॲसिड असते, अंदाजे एक टक्का. दहा मिनिटे लावल्यास थोडा मऊपणा येतो, नुकसान नाही. वरची त्वचा सोलणाऱ्या केमिकल पीलचा परिणाम मात्र त्यातून अपेक्षू नका. मुलतानी माती तेल शोषते. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, आठ-दहा मिनिटे, आणि ती तडकण्याआधी धुवायची. पूर्ण वाळू दिली तर ती ओलही ओढून घेते. कोरड्या त्वचेला आणि हिवाळ्यात ती नकोच. डाळीचे पीठ चाळून घ्या आणि रगडू नका. हळदीतले कर्क्युमिन त्वचेत फारसे शिरत नाही. चिमूटभर असेल तर हरकत नाही, पण खाज आली तर ‘हळदीने कसे होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नका. हळदीचीही ॲलर्जी होते.

प्रश्न : रोज दुचाकीवर फिरतीचं काम आहे. ५० एसपीएफचं सनस्क्रीन लावतो तरी चेहरा काळवंडतो. ट्यूब डिकीतच असते.
(वैद्यकीय प्रतिनिधी)

डिकीत ती भाजते. उन्हातल्या डिकीतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त असते, त्यात क्रीम फुटते, तेल-पाणी वेगळे होते आणि ऊन अडवणारे काही फिल्टर निकामी होतात. ट्यूब दाबल्यावर आधी पाणी येत असेल तर ती टाका. नवी ट्यूब बॅगेत ठेवा.

दुसरी चूक प्रमाणाची. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून एसपीएफ मोजतात. घरी माणूस त्याच्या चौथाई ते निम्मे लावतो, आणि मग ५० चे संरक्षण ५० राहत नाही. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ, एवढे चेहरा आणि मानेला लागते. कान विसरू नका. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसल्यावर लगेच. एसपीएफ फक्त भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचे माप आहे. १५ सुमारे ९३ टक्के अडवते, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८; त्यामुळे १०० च्या मागे धावू नका. काळवंडण्यात यूव्हीएचा वाटा मोठा, त्यासाठी ‘पीए’पुढची अधिक चिन्हे पाहा, तीन किंवा चार. हेल्मेटची काच खाली ठेवा, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला; दाट विणीचे कापड पुसले जात नाही.

प्रश्न : यादीत घटक आहे म्हणजे पुरेसा आहे का?
(विजापूर रोड)

नाही. यादी जास्तीकडून कमीकडे लिहितात. एक टक्क्याखालचे घटक मात्र कोणत्याही क्रमाने येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक जास्तीत जास्त एक टक्का चालते. तुमच्या जाहिरातीतला घटक त्याच्या मागे असेल तर तो बहुधा एक टक्क्याहून कमी आहे. नियासिनमाइडला ते अपुरे. रेटिनॉल मात्र मुळातच एक टक्क्याहून कमी लागते, म्हणून ते शेवटी दिसले तरी बिघडत नाही.

प्रश्न : चौथा महिना चालू आहे. काय बंद करू?
(अशोक चौक)

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन आणि हायड्रोक्विनोन. मोठ्या भागावर सॅलिसिलिक ॲसिडही नको. ॲझेलेइक ॲसिड, नियासिनमाइड, व्हिटॅमिन सी, ग्लिसरीन आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन चालते. मुरमांसाठी पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइन गोळी घेत असाल तर आज, फोनवर, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर तेवढाच पांढरा डाग पडलाय. कोड असेल का? आता पंढरपुरी कुंकू लावते.
(साखर पेठ)

डाग टिकलीच्याच आकाराचा असेल तर टिकलीच्या गोंदावर संशय घ्या. काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉलचे रेझिन असते. ते रंगपेशी मारते. टिकली पूर्ण बंद करा, आणि ‘दुसऱ्या कंपनीची लावून पाहू’ असेही नको. कुंकू हळद आणि चुन्यापासून केलेले असेल तर या रसायनाचा प्रश्न येत नाही. स्वस्त कुंकवात मात्र कृत्रिम रंग असतात, त्यांनी खाज येऊन जागा काळी पडते. ओल्या पांढऱ्या कापसावर चिमूटभर घासून पाहा; गुलाबी किंवा भडक लाल रंग लगेच पसरला तर ते लावू नका. मध्यंतरी पेन्सिलचे कुंकूही नको, कपाळ तीन-चार महिने मोकळेच राहू द्या. रंग पुष्कळदा कडेकडून ठिपक्या-ठिपक्यांनी परत येतो. डाग टिकलीच्या कडेबाहेर सरकू लागला, किंवा ओठ, बोटांची टोके अशा दुसऱ्या जागी उमटला, तर वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवा.